वाचकांचे प्रश्न : जुन्या रिसीव्हरला सीआरओ नेमका कोठून जोडावा?

गेल्या दोन महिन्यांत हौशी रेडिओच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती, म्हणजे रिसीव्हरमधला सिग्नल सीआरओवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) पाहण्याभोवती, फिरत असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पुढची तीन उत्तरे त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी जपलेला आरसीए कंपनीचा एआर-८८डी हा महायुद्धकाळातील रिसीव्हर चालू स्थितीत आहे. एका महाविद्यालयाच्या जुन्या सामानाच्या लिलावात २० मेगाहर्ट्झचा सीआरओ मिळाला. ऐकू येणाऱ्या स्टेशनांचे मॉड्युलेशन (रेडिओ लहरीवर चढवलेला आवाज) मला पडद्यावर पाहायचे आहे. स्पीकरच्या टोकांना प्रोब लावला तर नुसती आवाजाची लाट दिसते. शेवटच्या आयएफ (रिसीव्हरमधली ठरावीक मधली कंप्रता) व्हॉल्व्हच्या प्लेटला लावला तेव्हा हवे तसे चित्र उमटले, पण त्याच क्षणी आवाज एकदम बसला. माझे काय चुकले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण जागा जवळजवळ बरोबर निवडली, चूक झाली ती जोडण्याच्या रीतीत. स्पीकरपाशी पोहोचेपर्यंत डिटेक्टरने, म्हणजे सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या मंडलाने, वाहक लहर (आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर) काढून टाकलेली असते, त्यामुळे तेथे मॉड्युलेशन किती टक्के आहे हे सांगणारी तुलनाच उरत नाही. वाहक आणि तिच्यावर चढलेला आवाज ही दोन्ही एकत्र पाहायची असतील, तर सिग्नल डिटेक्टरच्या आधी, म्हणजे आयएफच्या शेवटच्या टप्प्यावर पकडावा लागतो. एआर-८८डीचा आयएफ ४५५ किलोहर्ट्झ आहे. (त्याचाच भाऊ असलेल्या एआर-८८एलएफचा आयएफ ७३५ किलोहर्ट्झ आहे, म्हणून पाटी एकदा तपासून घ्यावी.) आपला सीआरओ २० मेगाहर्ट्झपर्यंत पाहू शकत असल्याने ४५५ किलोहर्ट्झ त्याला थेट दाखवता येतात आणि वेगळा कन्व्हर्टर लागत नाही.

आता आवाज का बसला ते पाहू. आयएफ ट्रान्स्फॉर्मरची प्रत्येक गुंडाळी एका लहानशा कंडेन्सरसह ४५५ किलोहर्ट्झला ट्यून केलेली असते, आणि हिशेबासाठी तो कंडेन्सर १०० पिकोफॅरडचा धरू. आपला प्रोब एकपटीच्या स्थितीत असेल, तर त्याची केबल आणि सीआरओचे इनपुट मिळून सुमारे तेवढीच धारिता त्या मंडलावर लादतात. धारिता दुप्पट झाली की ट्यूनिंग दोनाच्या वर्गमुळाने खाली येते, म्हणजे ४५५ ऐवजी सुमारे ३२२ किलोहर्ट्झवर जाते. दहापटीच्या (सिग्नल दहाव्या भागावर आणणाऱ्या) स्थितीत प्रोबची धारिता १५ पिकोफॅरडच्या आसपास असते, तरीही ट्यूनिंग सुमारे ३० किलोहर्ट्झ सरकते, आणि ज्या मंडलाची सगळी रुंदीच आठ-दहा किलोहर्ट्झ आहे त्याला एवढे सरकणे मुळीच परवडत नाही. आवाज पूर्ण बंद झाला नाही, याचे श्रेय एव्हीसीला (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या मंडलाला) द्यावे, कारण सिग्नल घटताच त्याने आधीच्या व्हॉल्व्हचा गेन (प्रवर्धन) वाढवून तूट काही अंशी भरून काढली.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन वायरींचा पीळ. इन्सुलेशन असलेल्या हुकअप वायरचे दोन तुकडे घ्यावेत, त्यांपैकी एकाचे टोक सिग्नलच्या जागी सोल्डर करावे, दुसऱ्याचे टोक शील्डेड केबलच्या मधल्या तारेला जोडावे आणि दोन्ही वायरी दीड-दोन सेंटिमीटर एकमेकींभोवती पिळून त्यांची मोकळी टोके तशीच सोडावीत. झाला साधारण एक पिकोफॅरडचा कंडेन्सर. दीड मीटर आरजी-५८ केबलची धारिता सुमारे १५० आणि सीआरओच्या इनपुटची सुमारे २५ पिकोफॅरड धरली, तर सिग्नलची विभागणी १७५ला एक अशी होते. डिटेक्टरपाशी १० व्होल्ट शिखर असेल, तर केबलच्या दुसऱ्या टोकाला सुमारे ५७ मिलिव्होल्ट शिखर मिळते. खालपासून वरपर्यंत ते ११४ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे २० मिलिव्होल्ट प्रति खण (पडद्यावरचा एक चौकोन) या स्थितीत जवळजवळ सहा खण उंच चित्र. याहून जास्त कशाला हवे? एका पिकोफॅरडनेही ट्यूनिंग सुमारे सव्वादोन किलोहर्ट्झ सरकते, म्हणून जोडणी झाल्यावर त्या एकाच आयएफ ट्रान्स्फॉर्मरचा स्क्रू इन्सुलेटेड चावीने किंचित फिरवून चित्राची उंची पुन्हा जास्तीत जास्त करून घ्यावी. बाकीच्या ट्रान्स्फॉर्मरना हात लावू नये.

जागेबद्दल माझे मत असे, की व्हॉल्व्हच्या प्लेटपेक्षा ट्रान्स्फॉर्मरची पलीकडची बाजू, म्हणजे ६एच६ या डायोडच्या पायाला जाणारे टोक, जास्त सोयीचे. प्लेटवर २०० ते २५० व्होल्टचा एचटी (व्हॉल्व्हचा उच्च व्होल्टेजचा पुरवठा) असतो, तर डायोडच्या बाजूला फक्त सिग्नलचे काही व्होल्ट असतात. अर्थात चासीखाली (धातूच्या सांगाड्याखाली) हात घातला की एचटी शेजारीच असतो. म्हणून सोल्डर करण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा, फिल्टर कंडेन्सर एखाद्या रोधातून रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करून घ्यावी.

केबल शील्डेडच असावी, तिची जाळी डिटेक्टरजवळच चासीला जोडावी आणि केबल तेथून सरळ मागे बाहेर काढावी. आधीच्या आयएफ टप्प्यांवरून ती फिरवत नेली, तर शेवटचा प्रवर्धित सिग्नल पहिल्या टप्प्यात परत शिरतो आणि रिसीव्हर शिट्टी मारू लागतो. सीआरओही रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नये. एआर-८८च्या मेन्स ट्रान्स्फॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कॅथोड-रे ट्यूबपर्यंत पोहोचले, तर रेघ ५० हर्ट्झने डुलू लागते आणि माणूस हम (मेन्सची गुणगुण) रिसीव्हरमध्ये शोधत बसतो.

आपल्या सीआरओऐवजी एखाद्या जुन्या मॉनिटरस्कोपला (सिग्नलवर नजर ठेवण्यापुरत्या साध्या ऑसिलोस्कोपला), ज्याचा उभा अँप्लिफायर कमी गेनचा आहे, हाच सिग्नल द्यायचा असता, तर ५७ मिलिव्होल्ट पुरले नसते. तेव्हा मध्ये एक फॉलोअर टप्पा (व्होल्टेज न वाढवता केबलचा भार ओढणारा) घालावा. व्हॉल्व्हच्या मंडळींसाठी ६सी४चा कॅथोड फॉलोअर चालतो. ज्यांना हीटरची वायर ओढायची नाही त्यांनी बीएफडब्ल्यू१० हा आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरावा. त्याला १२ व्होल्ट द्यावे, त्याच्या गेटपाशी येणारा सिग्नल कंडेन्सरांच्या विभागणीने दोन व्होल्टच्या आत ठेवावा आणि सोर्समधून दोन-तीन मिलिअँपियर वाहू द्यावेत. केबलची धारिता ४५५ किलोहर्ट्झला सुमारे दोन हजार ओहमचा भार होते, आणि काही शे ओहम आउटपुट रोध असलेला हा टप्पा तो भार विनातक्रार ओढतो. हा टप्पा चासीच्या आत, डिटेक्टरच्या शेजारी बसला पाहिजे. केबलच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला फॉलोअर निरुपयोगी, कारण तोवर केबलने आपले काम केलेले असते.

पहिला सराव ओळखीच्या सिग्नलवर करावा. भर दुपारी ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे किंवा आपल्याला जे केंद्र जोरात मिळत असेल ते लावावे, बीएफओ (रिसीव्हरमधला मदतनीस ऑसिलेटर) बंद करावा, सिलेक्टिव्हिटीचे (किती रुंद पट्टा आत घ्यायचा ते ठरवणारे) बटण पहिल्या, म्हणजे सर्वांत रुंद स्थितीवर ठेवावे आणि सीआरओची स्वीप (ठिपक्याची आडवी चाल) १० ते २० मिलिसेकंद प्रति खण करावी. निवेदक थांबला की पडद्यावर एकसारख्या उंचीचा हिरवा पट्टा दिसतो, ती नुसती वाहक लहर. तो बोलू लागला की पट्ट्याच्या दोन्ही कडा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या आत-बाहेर होतात. बोलण्याची लाट एका जागी थांबत नाही, त्यामुळे ट्रिगरच्या मागे फार लागू नये. मात्र एखाद्या मित्राने १,००० हर्ट्झचा सूर पाठवला, तर हेडफोनच्या जॅकमधून आवाज सीआरओच्या बाहेरच्या ट्रिगरला द्यावा आणि स्वीप अर्धा मिलिसेकंद प्रति खण करावी, म्हणजे दहा खणांत पाच लाटा स्थिर उभ्या राहतात. पट्टा सर्वांत रुंद जागी ६ खण आणि सर्वांत अरुंद जागी २ खण असेल, तर त्यांची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे ८ पैकी ४, अर्थात ५० टक्के मॉड्युलेशन. अरुंद जागी दोन्ही कडा मध्यरेषेवर टेकल्या की १०० टक्के, आणि टेकून तेथे काही काळ नुसती ठळक रेघ राहिली की मॉड्युलेशन मर्यादेबाहेर गेले.

निदान दिसते तरी तसे. येथे मात्र आपल्या पत्रातील एका वाक्याकडे लक्ष वेधतो. आपण लिहिले आहे, की चित्र जमले की ‘रात्री ७ मेगाहर्ट्झवर कोण ओव्हरमॉड्युलेट करतो ते पुराव्यासह सांगता येईल’. असा पुरावा देण्याची घाई करू नये. आयएफवर दिसणारा आकार हा समोरच्याने पाठवलेल्या सिग्नलचा आकार नसतो. मधल्या आकाशातून आणि आपल्या रिसीव्हरमधून निघाल्यावर त्याचे जे काही उरले, त्याचा तो आकार असतो.

रात्री आयनांबरावरून परतणारा सिग्नल एकाहून अधिक वाटांनी येतो. त्या वाटांच्या लांबीत फरक असल्यामुळे काही कंप्रतांवर लहरी एकमेकींना मारतात आणि शेजारच्याच कंप्रतांवर त्या शाबूत राहतात. अशी खोल घळ नेमकी वाहकावर आली की वाहक काही सेकंद बुडते, पण तिच्या दोन्ही बाजूंचे साइडबँड (आवाज असलेले पट्टे) टिकून राहतात, आणि पडद्यावर हुबेहूब ओव्हरमॉड्युलेशनचे चित्र उमटते, मध्यरेषेवरच्या ठळक रेघांसकट. आवाजही तेव्हा फाटका येतो, त्यामुळे संशय आणखी बळावतो. दोन्हींतील फरक असा. फेडिंगचे चित्र काही सेकंदांत हळूहळू येते आणि हळूहळू जाते, बोलणारा मोठ्याने बोलतो की हळू याच्याशी त्याचा संबंध नसतो. खरे ओव्हरमॉड्युलेशन नेमके जोराच्या अक्षरांवर उमटते, आणि त्याच वेळी रिसीव्हर आठ-दहा किलोहर्ट्झ बाजूला नेला तर तेथेही त्याच अक्षरांची चरचर ऐकू येते. ही दुसरी चाचणी कानाची आहे आणि मी तिच्यावर पडद्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

रिसीव्हरही आपल्या परीने चित्र बदलतो. सिलेक्टिव्हिटी अरुंद केली, तर साइडबँडचा बाहेरचा भाग कापला जातो आणि मॉड्युलेशन आहे त्यापेक्षा उथळ दिसते. एसएसबीमध्ये (एकच साइडबँड पाठवण्याच्या पद्धतीत) समोरच्याचा अँप्लिफायर शिखरे छाटत असेल, तर त्या छाटणीतून निर्माण झालेली घाण बऱ्याच अंशी फिल्टरच्या बाहेर पडते, त्यामुळे सपाट झालेली टोके आपल्या पडद्यावर पुन्हा गोलसर दिसू शकतात. उलट जवळच्या स्टेशनाने आपलाच आयएफ टप्पा भरून टाकला, तर समोरच्याचा निर्मळ सिग्नलही टोके छाटल्यासारखा दिसतो. कित्येक वर्षांपूर्वी मी शेजारच्या गल्लीतील एका मित्राला हवेवरूनच ‘तुमची शिखरे सपाट होत आहेत’ असे ऐकवले होते. त्याने माझ्या घरी येऊन, एक शब्द न बोलता, माझ्या रिसीव्हरचा आरएफ गेन अर्ध्यावर आणला आणि पडद्यावरची शिखरे लगेच टोकदार झाली. तेव्हापासून माझा नियम एकच : एव्हीसी बंद करून गेन हाताने कमी करावा, आणि गेन बदलला तरी आकार बदलत नसेल तरच तोंड उघडावे.

बीएफओबाबत एक सूचना. डायोड डिटेक्टर असलेल्या जुन्या रिसीव्हरमध्ये तो साधारणपणे डिटेक्टरपाशीच मिसळतो. त्यामुळे सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एसएसबी ऐकण्यासाठी तो चालू केला की आपण निवडलेल्या जागी तोही दिसू लागतो, आणि सिग्नल नसतानाही पडद्यावर जाड पट्टा उभा राहतो. एसएसबीचे चित्र पाहायचे असेल, तर बीएफओ थोडा वेळ बंद करून पाहावे, आवाज तेव्हा अर्थातच बदकासारखा येईल. नेहमीच दोन्ही हवे असतील, तर सिग्नल एक टप्पा आधी, म्हणजे शेवटच्या आयएफ व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या बाजूने फॉलोअर लावून घ्यावा.

प्रश्न : आजोबांचा हॅलिक्राफ्टर्स एस-३८ अमेरिकेतून आलेला आहे. तो ११० व्होल्टच्या ऑटोट्रान्सफॉर्मरवर चालवतो. सीआरओच्या प्रोबची अर्थची चिमटी चासीला लावताच ठिणगी उडाली आणि घराचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडला. प्रोब खराब आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रोब ठीक आहे. ईएलसीबीने आपले काम चोख केले, त्याला धन्यवाद द्यावेत आणि हा प्रयोग आहे त्या स्थितीत पुन्हा करू नये. १९४६मध्ये बाजारात आलेल्या एस-३८च्या घराण्यात मेन्स ट्रान्स्फॉर्मरच नाही. व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडून थेट लाइनवर चालतात आणि लाइनचे एक टोक रिसीव्हरच्या बी-मायनसला (एचटीच्या ऋण टोकाला) जाते. प्लग उलटा बसला की आतली धातूची बाजू फेजला चिकटते, आणि सीआरओची चिमटी तर आपल्या घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. ऑटोट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, पण त्यात एकच गुंडाळी असल्याने लाइनपासून सुटका करत नाही, हे बाजारात ‘११० व्होल्ट कन्व्हर्टर’ म्हणून तो विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. आपल्याला दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा २३० ते ११५ व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर लागेल. या रिसीव्हरची भूक लहान असल्याने ५० व्हीएचा पुरतो, आणि कोणताही ट्रान्स्फॉर्मर बांधणारा कारागीर तो गुंडाळून देईल. तो लावल्यावर जोडणी वरच्याप्रमाणेच करावी, कारण येथेही आयएफ ४५५ किलोहर्ट्झच आहे. कोणी सीआरओचीच अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्याने ठिणगी थांबते खरी, पण सीआरओची सगळी धातूची पेटी फेजवर जाते.

ज्यांच्या रिसीव्हरला ट्रान्स्फॉर्मर आहे त्यांनाही चासीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर लाइन आणि चासी यांच्यामधला जुना कागदी कंडेन्सर पाहावा. ०.०१ मायक्रोफॅरडचा निरोगी कंडेन्सरही २३० व्होल्टवर सुमारे ०.७ मिलिअँपियर सोडतो, गळका झालेला कितीतरी जास्त. त्या जागी वाय प्रकारचा सुरक्षित कंडेन्सरच बसवावा आणि चासीला अर्थ द्यावा.

प्रश्न : माझा डिजिटल ऑसिलोस्कोप आहे. आपल्यासारखीच जोडणी केली, पण २० मिलिसेकंद प्रति खणला पट्ट्याऐवजी ५ किलोहर्ट्झची स्वच्छ लाट दिसते. स्टेशनवर असा सूर नाही. (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : असा सूर कोठेच नाही, तो आपल्या ऑसिलोस्कोपने तयार केला आहे. आपण यंत्राची स्मृती २,५०० नमुन्यांची असल्याचे लिहिले आहे. दहा खण म्हणजे २०० मिलिसेकंद, त्यात २,५०० नमुने, म्हणजे सेकंदाला १२,५००. ४५५ किलोहर्ट्झची लाट इतक्या विरळ नमुन्यांनी पकडली, की १२,५००ची ३६ पट, म्हणजे ४,५०,००० वजा होऊन उरलेले ५,००० हर्ट्झ पडद्यावर दिसतात. मेनूमध्ये ‘पीक डिटेक्ट’ हा पर्याय निवडावा. त्यात प्रत्येक अंतरातले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे मूल्य जपले जाते आणि हवा तो पट्टा परत येतो. आणखी एक पाहावे : रिसीव्हरमध्ये नव्याने खरखर सुरू झाली असेल, तर ऑसिलोस्कोप बंद करून ऐकावे. त्याच्या आतल्या स्विचिंग पॉवर सप्लायचा कचरा त्याच केबलच्या जाळीवरून रिसीव्हरमध्ये शिरतो. केबलवर फेराइटचे कडे चढवून दोन-तीन वेढे दिल्याने बराच फरक पडतो.

प्रश्न : हीथकिटचा एसबी-६१० मॉनिटरस्कोप मिळाला आहे. तो आधीच्या मालकाने ४५५ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरला लावलेला होता. माझ्याकडे हीथकिटचाच एसबी-३०१ असूनही चित्र जेमतेम अर्धा खण उंच येते. तसेच याच यंत्रावर बँडमधली आजूबाजूची स्टेशने दिसतील का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कंपनी एक असली तरी कंप्रता वेगळी आहे. एसबी-३०१चा आयएफ ३.३९५ मेगाहर्ट्झ आहे. एसबी-६१०च्या उभ्या अँप्लिफायरमधले ट्यून केलेले मंडल रिसीव्हरच्या आयएफनुसार बांधणाऱ्यानेच निवडायचे असते, आणि आपल्या यंत्रात ते अजून ४५५साठीच आहे. कॉइल आणि तिचा कंडेन्सर बदलून, मग जोरदार सिग्नल लावून, तिचा गाभा फिरवत उंची वाढवावी. ३.३९५ मेगाहर्ट्झला केबल फार खाते : वर सांगितलेली १७५ पिकोफॅरड धारिता येथे जेमतेम २७० ओहम होते, म्हणून केबल अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. आतल्या ३आरपी१ ट्यूबला हजार व्होल्टच्या वर व्होल्टेज असते, तेव्हा झाकण काढलेले असताना एक हात खिशात ठेवण्याची जुनी सवय येथे पाळावी. सिग्नल आणि स्वीप नसताना उजेड कमी करावा, नाही तर स्थिर ठिपका फॉस्फरवर कायमचा डाग पाडतो.

आजूबाजूची स्टेशने मात्र यावर दिसणार नाहीत. ती फिल्टरने आधीच अडवलेली असतात आणि एसबी-६१०ला कंप्रतेवर झाडू फिरवता येत नाही. त्या कामाचे यंत्र पॅनअ‍ॅडाप्टर, आणि त्याचा सिग्नल फिल्टरच्या आधी, मिक्सरच्या (आलेली कंप्रता आयएफमध्ये बदलणाऱ्या टप्प्याच्या) प्लेटपासून घ्यावा लागतो, जेथे तो काही मायक्रोव्होल्टांचा असतो आणि आपला पिळाचा कंडेन्सर कामी येत नाही.